दवाखान्यात गेलं की काहीतरी निघतंच

नाशिकच्या दवाखान्यात, वजन कमी करायच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत, घशातून पोटात दुर्बीण घालतात त्या टेबलावरून मी पहिल्या वेळी पळालो. घशात फवारा मारून झाला होता, दातांमध्ये प्लास्टिकची रिंग बसवली होती, डाव्या कुशीवर झोपवलं होतं आणि डॉक्टर हातमोजे चढवत होते. मी रिंग काढली, उठून बसलो, 'लघवीला जाऊन येतो' म्हणालो आणि थेट बाहेर बायकोसमोर उभा राहिलो. 'चल,' म्हटलं. ती म्हणाली, 'झालं इतक्यात?' घसा बधिर झालेला, जीभ लाकडासारखी. उत्तर देता येईना, तेही बरंच झालं.

परतीच्या गाडीत चांदवडपर्यंत कोणी बोललं नाही. मालेगावला चहा घेतला तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'घरी काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा.'

मी अमळनेरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटरी, गिरणीच्या मोटरी, कधी उसाच्या चरकाची. वय ४१, उंची १७० सेंटीमीटर, तेव्हाचं वजन १३१ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढला तर ४५ च्या वर. आपल्याकडे ३७.५ च्या वर, किंवा साखर-बीपीसारखं काही जोडीला असेल तर ३२.५ च्या वर या ऑपरेशनचा विचार करतात, असं सर्जनने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. म्हणजे मी पात्रतेच्या रेषेपाशी घुटमळत नव्हतो, रेषा मागे कुठेतरी राहून गेली होती.

डाएट करून झालं होतं. दोनदा पंधरा-पंधरा किलो उतरवले आणि दोन्ही वेळा व्याजासकट परत घेतले. गुडघे बोलायला लागले होते. आणि झोप. गिऱ्हाईक समोर मोटरची तक्रार सांगतंय आणि माझा डोळा लागतोय, असं व्हायला लागलं. एकदा हातात तापलेली सोल्डरिंग होती. दुकानातल्या पोराने ओरडून जागं केलं.

ऑपरेशनची भीती मला फारशी नव्हती. लोकांना हे खरं वाटत नाही. ऑपरेशनमध्ये आपण झोपलेले असतो, जे व्हायचं ते होतं. माझी भीती होती ती त्याआधीच्या यादीची. आहारतज्ज्ञ बाईंनी एका कागदावर लिहून दिलेली: रक्ताच्या तपासण्या, कार्डिओग्राम, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), छातीचा एक्स-रे, फुंकायची तपासणी, पोटाची सोनोग्राफी, दुर्बीण, झोपेची तपासणी, मानसोपचारतज्ज्ञांची भेट आणि शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरांचं फिटनेस. तो कागद मी अडीच महिने पाकिटात घेऊन फिरलो. घडीवर फाटला तेव्हा मागून सेलोटेप लावली, पण एकही तपासणी केली नाही.

याचं कारण २००९ सालात आहे.

वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. साधं, दोन-तीन दिवसांचं काम. ऑपरेशनआधी म्हणून कार्डिओग्राम काढला, त्याची पट्टी बघून डॉक्टर गप्प झाले. मग धुळे, मग नाशिक, अँजिओग्राफी, तीन ब्लॉकेज. बायपासची तारीख मिळेपर्यंत तेविसाव्या दिवशी वडील गेले. हर्निया तसाच राहिला. तेव्हापासून आमच्या घरात एक वाक्य कायमचं राहायला आलं: दवाखान्यात गेलं की काहीतरी निघतंच. माय तर स्पष्टच म्हणायची, 'तुना बाप चालत गया व्हता.' चालत गेला होता. म्हणजे आडवा केला तो तपासणीने.

मी काही अडाणी नाही, आयटीआय केलेला माणूस आहे. कार्डिओग्रामने ब्लॉकेज होत नाहीत हे मला कळतं. पण कळणं डोक्यात असतं आणि भीती पोटात.

त्यात मी अजून एक घोळ घालून ठेवला होता. बारीक व्हायला ऑपरेशन करतोय हे बाजारपेठेत सांगायची लाज वाटत होती. 'अरे, दोन भाकरी कमी खा ना' हे ऐकायचं नव्हतं. म्हणून दुकानावर कोणी विचारलं तर सांगायचो, हर्नियाचं आहे. तोंडात दुसरा आजारच आला नाही, काय करणार. ही बातमी शेजारच्या काकूंमार्फत फिरून मायपर्यंत गेली. मायला वजनाच्या ऑपरेशनचं माहीत होतं. तिने अर्थ असा लावला की खरं हर्निया आहे आणि वजनाचं नाटक तिच्यापासून लपवायला रचलंय. दोन दिवस जेवली नाही. 'कसाले जास रे तठे? काहीबी काढतीन त्या.' तिला समजावता समजावता मीच निम्मा तिच्या बाजूचा झालो.

दुर्बिणीवरून पळून आल्यावर आठ दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. मला वाटलं आता बोलणी खावी लागतील. समन्वयक ताई म्हणाल्या, 'दादा, यादी वरून खाली करायची असा काही नियम नाही. मानसोपचाराच्या मॅडमना आधी भेटता का?'

ती भेट म्हणजे माझ्या लेखी परीक्षाच होती. नापास केलं तर ऑपरेशन नाही, म्हणून उत्तरं पाठ करून गेलो होतो. मॅडमनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, 'मी पास-नापास करायला बसलेली नाही. ऑपरेशननंतर तुम्हाला कुठे मदत लागेल ते बघायला बसले आहे.' मग जेवणाचं विचारलं: राग आला की खाता का, रात्री उठून खाता का, दारू किती. ऑपरेशननंतर काय काय बदलेल असं वाटतं, तेही विचारलं. आणि मधेच: 'यादीतली कुठली तपासणी तुम्हाला अजिबात नको आहे?'

मी म्हटलं, दुर्बीण. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग माझ्याच तोंडून निघालं, 'इको.'

दुर्बिणीवरून पळालो हे खरं, पण दुर्बीण ही नुसती किळस होती. यादीत इको आधी असला तरी त्या दिवशी दुर्बीण झाली की पुढचा नंबर इकोचा होता. खरं तर मी इकोवरून पळालो होतो, एक स्टेशन आधीच उतरून.

वडिलांचं सगळं सांगितलं. ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, 'पट्टी काढण्याआधी त्यांना चालताना काही त्रास व्हायचा?' आणि मला शेताचा रस्ता दिसला. वडील बांधावर दोनदा थांबायचे. छातीवर मूठ ठेवून म्हणायचे, गॅस धरलाय. सोडा प्यायचे. किमान वर्षभर चाललं होतं ते. सोळा वर्षांत ही गोष्ट मला एकदाही आठवली नव्हती, की आठवू दिली नव्हती, देव जाणे.

त्यानंतर मला रडू आलं. ते इथे लिहायचं की नाही याचा विचार करत होतो, पण आलं ते आलं.

मॅडमनी दिलेल्या गोष्टी फार साध्या होत्या. आठवड्याला एकच तपासणी. पुढचीचा कागद आधीची झाल्याशिवाय बघायचा नाही, तो बायकोकडे. रिपोर्ट मोबाइलवर आला तर रात्री उघडायचा नाही. सकाळी, चहा झाल्यावर, बायकोसमोर उघडायचा. रिपोर्टमधला शब्द इंटरनेटवर शोधायचा नाही, वहीत लिहायचा आणि डॉक्टरांना विचारायचा. आणि श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडताना जास्त वेळ. हे मी दुकानात कॉइल मोजता मोजता करून बघितलं. फेरे चुकले, पण खांदे खाली आले.

रक्ताची तपासणी अमळनेरलाच केली. आमच्यासारख्यांचं वेगळंच दुखणं असतं, शीर सापडत नाही. लहानपणापासून माझ्या दंडाची चाळण झालेली आहे. या वेळी मी आधीच सांगितलं, 'भाऊ, कोपरात शोधत बसू नका, मागच्या वेळी चारदा टोचलं होतं. हाताच्या मागे मिळते.' त्याने बारीक फुलपाखरी सुई घेतली, हात खाली लोंबकळत ठेवायला लावला, मूठ आवळायला सांगितली. एका टोच्यात काम झालं. उपाशीपोटी यायचं म्हणजे पाणीही प्यायचं नाही, असं मी वर्षानुवर्षं समजत होतो. त्यानेच सांगितलं, साधं पाणी चालतं, उलट पाणी प्यायलं की शीर फुगते. बाटल्या मात्र बघवत नव्हत्या. जांभळ्या टोपणाची, राखाडी, पिवळी, निळी, मोजून आठ. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर एकादशी शोधत बसलो.

त्या यादीत एचआयव्ही आणि कावीळ बी-सी होती. फॉर्मवर सही मागितली तेव्हा पुन्हा पोटात गोळा. माझ्यावर यांना संशय का? तसं काही नसतं. कुठल्याही ऑपरेशनआधी करतात, आणि एचआयव्हीच्या तपासणीला तुमची संमती घ्यावीच लागते, म्हणून सही. एवढं वाक्य काउंटरवर कोणी बोललं असतं तर माझी एक रात्र वाचली असती.

काहीतरी निघालं का? निघालं. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ७.१. साडेसहाच्या पुढे मधुमेह म्हणतात. बी-१२ कमी, डी जीवनसत्त्व कमी. खानदेशात, जिथे मे महिन्यात डांबर पायाला चिकटतं, तिथे उन्हातलं जीवनसत्त्व कमी! बायको म्हणाली, 'दिवसभर दुकानात पंख्याखाली बसता, सूर्य काय आत येणार आहे?' साखर वाचून मी हादरलो, पण मॅडमचं ऐकून वहीत लिहिलं आणि नाशिकला विचारलं. डॉक्टर म्हणाले, ही आत्ता कळली ते चांगलं, ऑपरेशनआधी आटोक्यात आणू, जखम नीट भरते. गोळी सुरू झाली. त्यांच्या आवाजात कसलीही घाई नव्हती. मी वहीत गोळीच्या नावासमोर 'घाई नाही' असंही लिहिलं.

बीपीचं प्रकरण चिडायला लावणारं. एका दवाखान्यात (गाव सांगत नाही) सिस्टरने पट्टा बांधला, तो दंडाला पुरेना, वेल्क्रो सुटायला लागला. तिने हाताने दाबून धरला आणि मोजलं: १७६/१०४. 'बापरे!' असं ती माझ्यासमोर म्हणाली. त्या 'बापरे'वर मी दोन दिवस काढले. पुढच्या भेटीत नाशिकच्या फिजिशियननी आधी पट्टा बदलला, रुंद आणला. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटाच जास्त येतो, म्हणाले. पाच मिनिटं टेकून बसवलं, पाय जमिनीवर, हात टेबलावर, बोलायचं नाही. १४८/९२. तरी जास्तच, पण ते म्हणाले दवाखान्याच्या भीतीचाही हिस्सा असतो, घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. घरचा आकडा १३८-८६ च्या आसपास निघाला. मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो, हे तोपर्यंत आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

फुंकायची तपासणी म्हणजे गंमत. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोरचा माणूस ओरडतो: फुंका फुंका फुंका, अजून अजून अजून! लहानपणी चूल फुंकणारी माय आठवली. एक्स-रे आणि सोनोग्राफी सहज झाल्या. यकृतावर चरबी, दुसरी पायरी. पित्ताचे खडे नाहीत.

झोपेच्या तपासणीला मी हसत सामोरा गेलो, कारण ती घरीच झाली. जळगावहून एक मुलगा यंत्र घेऊन आला. छातीला पट्टा, नाकाखाली नळी, बोटाला ऑक्सिजनची चिमटी, सगळ्या वायरी एका डबीत. तो जोडत होता तर मी त्याला विचारत बसलो, याचं अर्थिंग कुठे, सिग्नल कुठून. तो वैतागला. मला वाटलं, या तामझामात कोणाला झोप येणार? रात्रभर घोरलो म्हणे.

रिपोर्टमध्ये निघालं, तासाला ४२ वेळा श्वास थांबतोय किंवा अर्धवट होतोय. तीसच्या पुढे तीव्र म्हणतात. ऑक्सिजन एका ठिकाणी ७१ पर्यंत खाली आला होता. हा रिपोर्ट मी नियम मोडून रात्री उघडला. मग झोपच नाही. झोपलो तर श्वास थांबेल, या भीतीने खाटेवर बसून राहिलो. बायको पहाटे तीनला उठली, म्हणाली, 'हे आज सुरू झालंय का? मी सहा वर्षं तुम्हाला कोपराने ढोसतेय.' तिच्याकडे तो रिपोर्ट सहा वर्षं होता, नुसता छापलेला नव्हता.

मग सीपॅपचं मशीन भाड्याने आलं. नाकावर मास्क, हवेचा दाब घसा उघडा ठेवतो. पहिले चार दिवस मास्क फेकून द्यावासा वाटला. वीज गेली की मशीन बंद, मग मी घरच्या इन्व्हर्टरची लाइन त्या बोर्डला ओढून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा माझं कौशल्य माझ्या तब्येतीच्या कामी आलं. पाचव्या-सहाव्या रात्रीनंतर सकाळी उठलो तर डोकं जड नव्हतं. दुकानात दुपारी जागा होतो. पोरगा म्हणाला, 'शेठ, आज झोपले नाही?' भूल देण्याआधी काही आठवडे हे मशीन वापरलेलं बरं, म्हणून तारीख पुढे ढकलली होती. आधी तारीख पुढे गेल्याचा राग आला होता, मग तो कुठे गेला कळलं नाही.

इकोची तारीख मंगळवारची आली. आमच्या गावचं मंगळ ग्रहाचं मंदिर मंगळवारी गर्दीने फुललेलं असतं. मायने हट्ट धरला की आधी तिथे जाऊनच नाशिकला निघायचं. पहाटे दर्शन घेतलं, तिने कपाळाला गुलाल लावला आणि मी तसाच इकोच्या खोलीत गेलो. विज्ञान आणि श्रद्धा यावर भांडायची माझी इच्छा नाही. मायचे हात त्या दिवशी कापत नव्हते, तेवढं मला पुरलं.

मला सगळ्यात जास्त भीती डॉक्टरांच्या गप्प बसण्याची होती. २००९ मध्ये तेच झालं होतं: पट्टी बघितली आणि गप्प. म्हणून मॅडमनी शिकवल्याप्रमाणे आत जातानाच विचारलं, 'साहेब, तुम्ही बघताना बोलता की शेवटी सांगता?' ते म्हणाले, 'मी शेवटी सांगतो. मधे मोजमापं घेतो, तेव्हा बोलत नाही. त्याचा अर्थ काही नसतो.' त्या एका वाक्याने निम्मं ओझं उतरलं. डाव्या कुशीवर झोपलो, गार जेल लावलं, तो दांडा बरगड्यांत रुतवत ते बघत राहिले. चरबीतून चित्र नीट दिसेना, म्हणून श्वास सोडून थांबायला सांगायचे. मधेच यंत्रातून आवाज आला, झपाक-झपाक, धोबी घाटावर कपडे आपटल्यासारखा. तो माझ्या झडपांतल्या रक्ताचा आवाज. वडिलांचा कोणी ऐकला असेल का?

'पंपिंग ६० टक्के. चांगलं आहे,' ते म्हणाले. मला वाटलं शंभरपैकी साठ, म्हणजे सेकंड क्लास. तोंड पडलेलं बघून त्यांनी सांगितलं की हृदय दर ठोक्याला आतलं सगळंच रक्त बाहेर फेकत नाही, ५५-६० म्हणजे निरोगी माणसाचा आकडा. वडिलांचा इतिहास होता म्हणून ट्रेडमिलचंही विचारलं, पण माझे गुडघे बघून फिजिशियननी दुसरी तपासणी सांगितली. तीही पार पडली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि काही नाही हेच सांगण्यासारखं आहे.

मग राहिली दुर्बीण. या वेळी मी आधी ती बघायला मागितली. डॉक्टरांना नवल वाटलं, पण दाखवली. काळी, करंगळीएवढी जाड केबल. टोकाला कॅमेरा, दिवा, हवा-पाण्याचं भोक आणि चिमटा जायला एक वाट. मी म्हटलं, 'ही तर चांगल्या कंपनीची केबल दिसते.' ते हसले. पाणबुडी मोटरला मी रोज याहून जाड केबल दोनशे-तीनशे फूट बोअरमध्ये सोडतो आणि इथे हातभर केबलीला घाबरलो होतो.

झोपेचं इंजेक्शन देऊन करा, असं मी सुचवून पाहिलं. पण माझा श्वास झोपेत थांबतो हे कळल्यावर त्यांनी फक्त फवाऱ्यावर करायचं ठरवलं होतं. फवारा कडू. दोन मिनिटांत घसा सुजल्यासारखा वाटतो आणि थुंकी गिळता येत नाही असं वाटतं. पहिल्या वेळी मी तिथेच घाबरलो होतो, गुदमरतोय असं वाटून. या वेळी सिस्टरने आधीच सांगितलं: 'गिळल्याचं कळणार नाही, पण श्वास नाकाने चालूच राहील. लाळ गिळू नका, उशीवर वाहू द्या, चादर धुवायची आहेच.' मी श्वास मोजायला लागलो. नळी घशातून उतरताना दोन-तीन जोरदार उमासे आले, डोळ्यांतून पाणी. मग पोटात हवा भरली, ढेकरा यायला लागल्या. त्या लाजेने दाबायला गेलो तर सिस्टरने पाठीवर हात फिरवला. सहा मिनिटं. मी बाहेर येऊन घड्याळ बघितलं, मला अर्धा तास वाटला होता. सुखाचं काही नव्हतं त्यात, पण भीती जेवढी होती तेवढं तर अजिबात नव्हतं.

आणि काहीतरी निघालंच. पोटात जंतू, एच. पायलोरी. छोटा तुकडा काढून पिवळ्या पट्टीत टाकला, तो रंग बदलून गुलाबी झाला तो मला दाखवला. आतल्या आवरणाला सूज. आणि, हे लिहितानाही मला हसू येतं, लहानसा हायटस हर्निया! पोटाचा वरचा भाग पडद्यातून थोडा छातीकडे सरकलेला. जाड माणसांत बऱ्याचदा आढळतो, म्हणाले. बाजारपेठेला दिलेली थाप खरी ठरली. बायको दवाखान्यातच इतकी हसली की सिस्टरने बाहेर बसायला सांगितलं.

पण या दुर्बिणीने माझं ऑपरेशन बदललं. आधी स्लीव्ह ठरत होतं, म्हणजे पोट कापून नळीसारखं करायचं. मला वर्षानुवर्षं आंबट पाणी येतं, त्यात हा हर्निया. स्लीव्हनंतर ते वाढू शकतं, म्हणून सर्जननी बायपास सुचवला, वडिलांचा होता तो हृदयाचा नव्हे, पोटाचा: पोटाची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडायची. आणि बायपासनंतर पोटाचा उरलेला भाग साध्या दुर्बिणीच्या वाटेत राहत नाही, म्हणून तो आधी नीट बघून, जंतू मारूनच पुढे जायचं. चौदा दिवस गोळ्या, तोंडाची चव पार गंजलेल्या खिळ्यासारखी. डॉक्टरांनी सांगितलं, बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टरने १९८४ मध्ये हे जंतू स्वतः प्यायले होते, सूज यांनीच येते हे दाखवायला, आणि २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. माझ्या पोटात फुकट होते, मला कोणी विचारलं नाही.

ऑपरेशनआधीचे दोन आठवडे अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आजूबाजूला आले. यकृत आकसण्यासाठीचा आहार: प्रोटीनचं पाणी, सूप, थोडं पनीर, काकडी. चरबीने मोठं झालेलं यकृत पोटावर येतं, ते उचलून सर्जनला काम करावं लागतं, म्हणून ते लहान करायचं. कारण पटलं होतं. पण अखाजीला बहिणी माहेरी आलेल्या, खापरावर मांडे, पातेलंभर आमरस, अंगणात झोका. मी प्रोटीनचा ग्लास घेऊन ओट्यावर. धाकटी बहीण म्हणाली, 'दादा, बोटभर रस चाट, काय व्हस?' माय आतून ओरडली, 'नको दिऊ त्याले!' हीच ती माय, जिला तपासण्या नको होत्या. मी तिला एकेक रिपोर्ट घरी आल्यावर वाचून दाखवत होतो, मराठीत, आकड्यांसकट. इकोच्या दिवशी रात्री ती देव्हाऱ्यासमोर बराच वेळ बसली होती. वडिलांच्या फोटोला तिने काहीतरी सांगितलं. काय ते मी विचारलं नाही.

दुकानात मात्र माझ्यात एक बदल झाला. गिऱ्हाईक मोटर घेऊन येतं, मी मेगर (मोटरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावतो, काटा बघतो. शेतकरी माझ्या तोंडाकडे बघत उभा असतो, जळाली की वाचली, कारण वीस-पंचवीस हजारांचा आणि पाण्यावरच्या पिकाचा प्रश्न असतो. मी वीस वर्षं काटा बघून गप्प बसायचो, बिडीवाल्या गिऱ्हाईकाला काडीपेटी द्यायचो, मग सावकाश सांगायचो. आता आधी म्हणतो, 'थांबा, दोन मिनिटं मोजतो, मग सांगतो. मधे गप्प बसलो तर काही समजू नका.'

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सगळी फाइल चाळली, मान किती वळते, तोंड किती उघडतं ते बघितलं, सीपॅपचं मशीन सोबत आणलंय का विचारलं. सकाळी सहाला हिरवा झगा घालून पलंगावर बसलो होतो. नवी सिस्टर आली, बीपीचं यंत्र काढलं, नेहमीचा पट्टा माझ्या दंडाभोवती ओढायला लागली. वेल्क्रो करकरलं.

'ताई,' मी म्हटलं, 'रुंद पट्टा आणा. याने खोटा आकडा येतो.'

तिने माझ्याकडे बघितलं, मग गेली आणि घेऊन आली. पाय जमिनीवर टेकवले, हात उशीवर ठेवला, बोललो नाही. १४२/८८.

'चालेल,' ती म्हणाली, आणि वॉर्डबॉयला स्ट्रेचर आणायला हाक मारली.